गाडी तापते कधी?

आमची मारुती ८०० ही २००४ सालची. बाबांनी घेतलेली. डोळ्यांच्या त्रासामुळं त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि किल्ली माझ्याकडं आली. आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहतो, माझी शाळा कोरेगावच्या बाजूला आहे. रोजचं जाणंयेणं, आईला दवाखान्यात नेणं आणि मधूनमधून पुण्याला बहिणीकडं जाणं, एवढ्याला ही गाडी पुरते. पंधरा वर्षं झाल्यावर तिची फेरनोंदणी केली, पर्यावरण कर भरला. ती विकायचा विचार घरात कुणाच्या डोक्यात नव्हता. पण २०२३ सालच्या उन्हाळ्यात तिचं इंजिन तापायला लागलं आणि ते निस्तरेपर्यंत पावसाळा सरत आला. अशा जुन्या गाड्या अजून पुष्कळांच्या दारात आहेत. त्यांचा त्रास आणि पैसा वाचावा म्हणून जे झालं ते जसंच्या तसं सांगते.

सुरुवात मोती चौकातल्या गर्दीत झाली. एरवी तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या जरा खाली असतो आणि दिवसभर तिथून हलत नाही. त्या दिवशी गर्दीत अडकले तेव्हा तो मधली रेघ ओलांडून वर निघाला. चौकातून बाहेर पडून गाडी जरा पळाली की पुन्हा खाली आला. पुढचे काही दिवस असंच. उभं राहिलं की वर, चाललं की खाली.

घराजवळच्या गॅरेजमधल्या मुलाला हे सांगितलं. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि आम्ही दोघं बघत उभे राहिलो. काटा वर गेला, पण रेडिएटरचा पंखा काही लागला नाही. त्यानं स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं पंख्याच्या मोटरवर हलकेच ठोकलं, तसा पंखा फिरायला लागला. मोटरमधले कार्बन झिजले होते. कधी टेकायचे, कधी नाही. मोटर बदलली, फ्यूज आणि रिले तपासून घेतले. गर्दीतलं तापणं थांबलं. मला वाटलं, झालं, मिटलं.

मे महिन्यात आईला घेऊन बहिणीकडून परत येत होते. तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडं येताना खंबाटकीचा घाट चढूनच यावं लागायचं, बोगदा होता तो जाणाऱ्यांसाठी. खंडाळा सोडेपर्यंत काटा जागेवर होता. घाटात पुढं ट्रकची रांग होती. दुसऱ्या गिअरमध्ये रांगत वर चाललो होतो. निम्मा घाट चढून झाला असेल, तेव्हा काटा वर सरकताना दिसला. एसी बंद केला. हीटर पूर्ण चालू करून काचा खाली घेतल्या. हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची थोडी उष्णता ओढून घेतो, हे बाबांकडून ऐकलेलं होतं. मेमधल्या दुपारी ती गरम हवा आईला सोसवेना. काटा क्षणभर थांबला आणि पुन्हा चढला. लाल पट्ट्याला टेकायच्या आत कडेला जागा मिळाली म्हणून बरं. गाडी थांबवून इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली.

मी घाबरले होते. आई माझ्याकडं बघत होती, त्यामुळं तसं दाखवता येत नव्हतं. मागं एक ट्रक थांबला. ट्रकचालक उतरला, त्यानं आधी चाकांना दगड लावले. मग म्हणाला, "ताई, वाफ थांबेस्तोवर बॉनेटला हात लावू नका. आणि झाकणाला तर आजिबात नाही. तोंड भाजंल." वरून गार पाणी ओतू का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "नको. हेड तडकतं."

ही दोन्ही वाक्यं सोन्यासारखी आहेत. चालू गाडीत रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळं शंभर अंश ओलांडूनही ते उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि पाणी एकदम उकळून वाफेसकट अंगावर येतं. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं तर ते वाकतं किंवा त्याला तडा जातो. आम्ही तासभर सावलीत बसलो. वरचा रबरी पाइप हाताला सोसण्याइतका निवला, तेव्हा झाकणावर जाड फडकं टाकून ते थोडं सैल केलं, उरलेला दाब जाऊ दिला आणि मग काढलं. जवळच्या बाटल्यांतलं पाणी इंजिन चालू ठेवून हळूहळू घातलं. जवळजवळ दोन लिटर पाणी बसलं. घाट चढून वेळे, सुरूर, भुईंज असं दमादमानं घरी आलो. रात्री झोप नीट लागली नाही. आई बरोबर होती, हे सारखं मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी महामार्गालगतच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. तिथं पाच मिनिटांत निकाल लागला. "हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवून फेसिंग करायला लागणार. चौदा-पंधरा हजार धरून चला." तपासलं काय, असं विचारल्यावर म्हणाले की जुन्या गाडीत तेच असतं. तेवढ्यात दुसऱ्या कारागिरानं थर्मोस्टॅट काढून माझ्या हातात ठेवला. "हा आपल्याकडं लागत नाही ताई, थंड देशात लागतो. आता गाडी गार चालंल." हेडचं विचार करून सांगते म्हणाले आणि गाडी घेऊन निघाले. बाहेर आल्यावर रडू आलं. पंधरा हजार घालावेत इतकी किंमत तरी गाडीची आहे का, विकून टाकावी का, असं सगळं एकदम डोक्यात आलं.

थर्मोस्टॅट काढल्यावर सपाटीला गाडी खरंच गार चालली, नको इतकी गार. कोरेगाव आलं तरी काटा तळाला. इंजिन तापतच नाही असं कॉम्प्युटरला वाटलं की तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. पेट्रोल जास्त लागतंय हे आठवड्याभरात दिसलं. थर्मोस्टॅट ही थंडीतली चैन नाही. इंजिन लवकर कामाच्या तापमानाला यावं आणि तिथंच राहावं, हे त्याचं काम, आणि ते साताऱ्यातही तितकंच लागतं. आणि मुख्य म्हणजे, यवतेश्वरचा घाट चढायला घेतला की काटा पुन्हा वर जायचाच. मूळ दुखणं जागच्या जागी होतं.

शाळेतल्या एका मॅडमनी एका मिस्त्रींचं नाव सुचवलं. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आता ओळखीच्यांच्याच गाड्या बघतात. फोन केला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "गाडी तापती ती कधी, ते सांगा. उभी असताना का चालती असताना? सपाटीला का चढाला?"

मी सगळं सांगितलं. पंखा बदलल्यापासून उभ्यानं तापत नाही. सपाटीला साठच्या वेगानं तापत नाही. चढाला, खालच्या गिअरमध्ये, दहा-पंधरा मिनिटांनी तापते. ते म्हणाले, "निम्मं काम तुम्हीच केलं. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी चालू करू नका, मी येतो."

त्यांच्या प्रश्नामागचं गणित त्यांनी मला नंतर समजावलं. ते सगळ्यांना ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, तिच्यातला साधारण तिसरा हिस्सा पाण्यात जातो आणि तो बाहेर टाकायचं काम रेडिएटरचं. गाडी उभी असताना वारा फक्त पंख्याचा. म्हणून उभ्यानं तापली तर आधी पंखा, त्याचा फ्यूज, रिले बघायचा. गाडी पळत असताना वारा भरपूर, पंख्याची गरजच नाही. तरी तापली, तर एक तर पाणी कमी आहे, किंवा फिरत नाही, किंवा रेडिएटरला उष्णता टाकता येत नाही. चढाला इंजिन जास्त जळतं, गाडीचा वेग कमी, म्हणून वाराही कमी. तिथं रेडिएटरची पुरी ताकद लागते. सपाटीला निम्म्या ताकदीवर चालून जाणारा रेडिएटर घाटात उघडा पडतो. आणि गार इंजिन चालू केल्या केल्या दोन-चार मिनिटांत काटा भसाभसा चढला, तर मात्र हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा.

सकाळी ते स्कूटरवरून आले. बाबाही अंगणात खुर्ची टाकून बसले. मिस्त्रींनी आधी काहीच उघडलं नाही. रेडिएटरशेजारच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीकडं बोट दाखवलं. ती काठोकाठ भरलेली होती. मग रेडिएटरचं झाकण काढलं. आत पाणी चांगलं चार बोटं खाली. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिता, हे कसं? ते म्हणाले, "यातच आहे." झाकण उलटं करून त्यांनी मला दाखवलं. त्याला दोन झडपा असतात. दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की मोठी झडप उघडते आणि जादा पाणी बाटलीत जातं. तो आकडा झाकणावरच लिहिलेला असतो, ०.९ किंवा १.१. इंजिन निवलं की आत ओढ तयार होते, मधली छोटी झडप उघडते आणि बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये येतं. आमच्या झाकणाचं रबर कडक होऊन त्याला चिरा पडल्या होत्या. त्यामुळं ते दाबही धरत नव्हतं आणि पाणीही परत ओढत नव्हतं. पाणी जायचं तेवढं जायचं. पुष्कळजण बाटलीतलं पाणी बघून निर्धास्त राहतात. गार असताना झाकण काढून बघणं हेच खरं.

झाकण दाब धरत नसेल तर घाटात अडचण दुहेरी होते. पाणी समुद्रसपाटीला शंभर अंशांना उकळतं. कासच्या पठाराची उंची साधारण १२०० मीटर आहे, तिथं ते ९६ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. इंजिनला सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच पाणी लवकर उकळतं.

"पाणी किती दिवसांनी घालावं लागायचं?" मिस्त्रींनी बाबांना विचारलं. बाबांनी आतून वही मागवली. गाडी घेतल्यापासूनचा सगळा हिशेब तिच्यात आहे. तेल बदलल्याची तारीख, किलोमीटर, टायर, आणि प्रत्येक वेळी "पाणी घातले" अशी नोंद. आधीच्या वर्षांत ती चार-सहा महिन्यांनी यायची. मधल्या काळात दोन महिन्यांनी. अलीकडं जवळजवळ दर महिन्याला. मिस्त्रींनी ती पानं शांतपणे उलटली आणि एवढंच विचारलं, "पाणी कुठलं?" बाबा म्हणाले, "घरचंच. बोअरचं."

मग हेडची तपासणी. ती त्यांनी टाळली नाही. गॅस्केट गेलं असेल तर बाकी सगळं केलेलं वाया जाईल, असं ते म्हणाले. तेलाची काठी बघितली, तेल दुधाळ नव्हतं. प्लग काढले, तिन्ही कोरडे. झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू केलं आणि रेडिएटरच्या तोंडाशी बघत राहिलो. ॲक्सिलरेटर वाढवला तरी सतत बुडबुडे येत नव्हते. एका ओळखीच्या गॅरेजमधून ते निळ्या औषधाची नळी घेऊन आले होते. ती रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा औषधातून ओढायची. जळलेला वायू पाण्यात येत असेल तर निळं औषध पिवळं होतं. ते निळंच राहिलं. शेवटी गेज लावून कॉम्प्रेशन बघितलं, तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे. "हेड चांगलं आहे. तुम्ही घाटात वेळेत बंद केली म्हणून वाचलं." हे ऐकल्यावर मला किती हलकं वाटलं ते सांगता येणार नाही. या सगळ्या तपासणीला तासाभराहून जास्त वेळ लागला नाही. पंधरा हजारांचं काम सांगणाऱ्यांनी ती करायला हवी होती. हेड उतरवायला सांगणाऱ्या कुणालाही आधी एवढ्या चाचण्या करा म्हणून सांगायचा आपल्याला हक्क आहे.

आता उरला रेडिएटर. झाकण लावून त्यांनी इंजिन जोरात फिरवलं आणि मला खालचा रबरी पाइप बघायला सांगितलं. पाइप मधोमध आत दबत होता. पंप पाणी ओढतोय आणि रेडिएटरमधून तेवढं येत नाही, म्हणून तो चिमटतो. पाइपही जुना, मऊ पडलेला होता. मग इंजिन बंद केलं, पंख्याचा प्लग काढून ठेवला. गरम गाडीत पंखा कधीही अचानक सुरू होऊ शकतो, तो प्लग काढल्याशिवाय तिथं हात घालायचा नाही. रेडिएटरच्या जाळीवरून त्यांनी हात फिरवला. एका बाजूचा पट्टा चटका देत होता, दुसऱ्या बाजूचा नुसता कोमट.

मला ते आकड्यात बघायचं होतं. शाळेत करोनाच्या काळातली तापाची बंदूक होती, पण ती अंगाच्या तापापुरतीच, इंजिनच्या आकड्यांपर्यंत पोचतच नाही. भाचा सोलर पॅनेलच्या कामाला आहे, त्याच्याकडून कामाची बंदूक आणली. वरच्या बाजूला ८८, आणि कोपऱ्यातल्या पट्ट्यात ४६. तिथून पाणी जातच नव्हतं.

रेडिएटर उतरवून दुरुस्तीवाल्या चाचांकडं नेला. छोटंसं दुकान, दारात पाण्याची मोठी टाकी, कोपऱ्यात गॅसची बत्ती. आमचा रेडिएटर जुन्या पद्धतीचा, तांब्या-पितळेचा निघाला. चाचा म्हणाले, नशीब, हा उघडता येतो. त्यांनी बत्तीनं वरच्या टाकीचा डाग सोडवला आणि टाकी अलगद उचलली. आतल्या चपट्या नळ्यांची तोंडं दिसायला लागली. काही उघडी होती. काहींच्या तोंडाशी पांढरट-तपकिरी खडा बसलेला, आणि एका बाजूच्या तर ओळीच्या ओळी बंद. गीझरच्या कॉइलवर चढतो तसला क्षार, त्यात गंज मिसळलेला. बोअरच्या पाण्यातला क्षार उष्णतेनं सुटतो आणि नळीच्या आत बसतो. साधं पाणी लोखंडी ब्लॉकला गंजवतं, तो गंजही इथंच येऊन अडकतो. बाबांना हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. त्यांच्या वेळी बहुतेक सगळे हेच पाणी घालायचे, कूलंट म्हणजे नवीन गाड्यांचा खर्च असंच समजलं जायचं.

चाचांनी पितळेची चपटी लांब पट्टी घेतली आणि एकेका नळीत घालून वरखाली केली. घाई नाही. नळी अतिशय पातळ पत्र्याची असते, जोर लावला तर फाटते. पट्टी बाहेर येताना प्रत्येक वेळी ओला चिखल घेऊन यायची. सगळ्या नळ्या झाल्यावर पाण्याचा फवारा मारला, खालून धार पडते का ते बघितलं, टाकी पुन्हा बसवून डाग दिला. मग तोंडं बंद करून हवा भरली आणि रेडिएटर टाकीतल्या पाण्यात बुडवला. एका सांध्यातून बारीक बुडबुडे आले. तिथं पुन्हा डाग. जाळीच्या बाहेरच्या बाजूनं अडकलेले किडे, माती आणि पाचोळा त्यांनी मागून पुढं पाणी मारून काढला. सगळे मिळून अठराशे रुपये घेतले. मी तिथं दुपारभर बसले होते आणि ते काम बघताना वेळ गेलेला कळला नाही.

ज्यांच्या रेडिएटरला प्लास्टिकच्या टाक्या आणि ॲल्युमिनियमची जाळी आहे, त्यांनी हा मार्ग धरू नये. तो असा उघडून सळई मारता येत नाही, नवीन घेणंच बरं. आणि काहीजण ॲसिड घालून धुवायला सांगतात. चाचा म्हणाले, त्यानं क्षाराबरोबर नळीही खाल्ली जाते.

रेडिएटर बाहेर होता तेवढ्यात मिस्त्रींनी बागेच्या पाइपनं ब्लॉक आणि हीटरच्या नळ्या धुतल्या. बराच वेळ लाल पाणी येत होतं. ते स्वच्छ होईपर्यंत त्यांनी पाइप सोडला नाही. दोन्ही रबरी पाइप आणि क्लिपा नव्या घेतल्या. झाकण जुन्यावर होता त्याच आकड्याचं घेतलं. जास्त आकड्याचं लावलं म्हणजे जास्त चांगलं, असं नसतं. जुने पाइप त्यानं फाटतात.

थर्मोस्टॅटही नवा आणला, आणि तो बसवायच्या आधी स्वयंपाकघरात तपासला. मिस्त्रींनीच सांगितलं होतं, नवीनही कधीकधी अडकलेला निघतो. जुन्या पातेल्यात पाणी घेतलं, थर्मोस्टॅट दोऱ्यानं मधोमध टांगला, तळाला टेकू दिला नाही. शेजारी शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक. थर्मोस्टॅटवर ८२ असा आकडा उमटवलेला होता. ऐंशीपर्यंत काही नाही. ८३ च्या सुमारास मधल्या चकतीखाली केसाएवढी फट दिसली. नव्वद ओलांडेपर्यंत ती करंगळीच्या टोकाएवढी झाली. आत मेणाची गोळी असते, ती वितळून फुगते आणि झडप ढकलते. गॅस बंद केला, पाणी निवत गेलं तशी झडप आपोआप मिटली. आई म्हणाली, "एवढंसं तर आहे." मग गॅरेजवाल्यानं काढून दिलेला जुनाही टांगून बघितला. तोही बरोबर उघडला. त्याच्यात काहीच दोष नव्हता.

भरताना बोअरचं पाणी लांब ठेवलं. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणलं आणि कूलंट निम्मंनिम्मं मिसळलं. तयार मिसळलेलं कूलंटही मिळतं, त्यात पुन्हा पाणी घालायचं नसतं, हे डब्यावर वाचून घ्यावं. वेगवेगळ्या जातीचे कूलंट एकमेकांत मिसळू नयेत.

भरून झालं म्हणजे काम संपलं असं नाही. आत हवा अडकते आणि त्या हवेमुळं चांगली दुरुस्त केलेली गाडीही तापते. आमच्या फाटकाशी उतार आहे. तिथं पुढची चाकं उंचावर येतील अशी गाडी लावली. झाकण उघडं, हीटर पूर्ण चालू, इंजिन आपल्या गतीनं. आधी काहीच झालं नाही. मग थर्मोस्टॅट उघडला, रेडिएटरच्या तोंडाशी मोठे बुडबुडे आले आणि पातळी एकदम खाली गेली. ती भरली. थोड्या वेळानं पुन्हा. पंखा एकदा लागून बंद झाला, पाण्यात हवा येईनाशी झाली, तेव्हा झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना पुन्हा बघितलं, थोडं बसलं.

मग यवतेश्वरचा घाट. बाबा म्हणाले, मीपण येतो. त्यांना काटा नीट दिसत नाही, म्हणून दर वळणावर विचारत होते, "किती आहे?" मी सांगत होते, "आहे तिथंच." एसी लावून, दुसऱ्या गिअरमध्ये, मुद्दाम सावकाश चढलो. वर पोचल्यावर बॉनेट उघडून थर्मोस्टॅटच्या घरावर बंदूक धरली. ९१. बाबांना आकडा सांगितला तेव्हा त्यांनी मान हलवली आणि टपरीवर दोघांसाठी चहा सांगितला.

दुखणं तिथं पूर्ण संपलं असतं तर बरं झालं असतं. पावसाळ्यात बाटलीतली पातळी हळूहळू खाली यायला लागली. काटा जागेवर, पण पाणी कुठंतरी जात होतं. कूलंट हिरवं असल्याचा फायदा इथं झाला. गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला, सकाळी बेल्टच्या बाजूला हिरवा ठिपका पडलेला होता. मिस्त्री म्हणाले, वॉटर बॉडी. पाण्याच्या पंपाला आपल्याकडचे कारागीर वॉटर बॉडी म्हणतात. तिच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून पाणी झिरपतं. इतकी वर्षं झाकण दाब धरत नव्हतं, आता धरायला लागलं, आणि दमलेल्या सीलला तो दाब सोसला नाही. नवी वॉटर बॉडी, तिच्याबरोबर बेल्ट, आणि पुन्हा हवा काढायचं तेच काम. त्यानंतर पातळी हललेली नाही. पंख्याच्या मोटरपासून इथपर्यंत सगळा खर्च साडेआठ हजारांच्या आसपास गेला.

घाटात काटा चढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती मला मिस्त्रींनी सांगितली. काटा लालपर्यंत जाऊन अचानक खाली आला तर गाडी निवली असं समजू नये. पाणी इतकं कमी झालेलं असू शकतं की सेन्सर उघडा पडतो आणि आकडा खोटा दाखवतो. तेव्हा लगेच बंद करावी.

आता गाडीत पाच लिटरचा डिस्टिल्ड पाण्याचा कॅन, जाड फडकं आणि एक जुनं पण चांगलं झाकण असतं. रविवारी सकाळी गाडी गार असताना झाकण उघडून बघते. कूलंट बदलल्याची तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे आणि वहीतही लिहिली आहे. मिस्त्रींनी दोन वर्षांनी बदलायला सांगितलंय.

दिवाळीच्या आसपास शेजारच्या वहिनी आल्या. त्यांची जुनी झेन तापायला लागली होती आणि त्यांनाही कुणीतरी हेड सांगितलं होतं. मी विचारलं, कधी तापते? त्या म्हणाल्या, कधीही, आणि तेव्हा ते बॅटरीचं लाल चिन्हसुद्धा पेटतं. बॉनेट उघडून बघितलं. पंप आणि अल्टरनेटर एकाच बेल्टवर फिरतात, आणि तो बेल्ट इतका सैल होता की बोटानं दाबल्यावर सहज आत जात होता. घराजवळच्या गॅरेजमधल्या मुलानं अर्ध्या तासात नवा बेल्ट टाकून दिला.